धुक्यांतून येणारा राजा

मराठी घरांत दिवस उजाडल्यापासून निजेपर्यंत कितीतरी पोर्तुगीज शब्द सहज उच्चारले जातात. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, लिलाव हे त्यांतलेच. गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत राज्य करणारे म्हणून हे लोक आपल्या परिचयाचे आहेत; परंतु स्वतःच्या घरीं ते कोणत्या आठवणींत रमतात, काय खातात, याची माहिती आपल्याकडे फारशी नाहीं.

पोर्तुगाल हा युरोपच्या पश्चिम टोंकाचा चिमुकला देश. पाठीशीं बलाढ्य स्पेन, आणि पुढ्यांत अथांग अटलांटिक महासागर. ज्या देशांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या समुद्रावर गेले आणि बायकामुलें किनाऱ्याकडे डोळे लावून बसलीं, त्या देशाच्या भाषेंत ‘सौदाद’ हा एक जिव्हाळ्याचा शब्द आहे. दूर गेलेल्या, कदाचित् कधींच परत न येणाऱ्या माणसाविषयीं वाटणारी जी गोड हुरहूर, तिचें हें नांव. या एका शब्दाच्या आधारानें त्या देशाचा बराच इतिहास उलगडतो.

लिस्बनला जाणाऱ्या प्रवाशानें प्रथम टेगस नदीच्या कांठीं बेलें या भागांत जावें. १४९७ सालीं वास्को द गामाचीं जहाजें हिंदुस्थानच्या शोधार्थ याच किनाऱ्यावरून निघालीं. तेथें राजा मानुएल यानें १५०१ सालीं जेरोनिमोस मठाचें काम सुरू केलें. त्याच्या दगडी नक्षींत जहाजांचे दोरखंड पिळलेले दिसतात. आंत वास्को द गामाचें थडगें आहे, तसेंच महाकवि कामोंयश याचेंहि आहे. कामोंयशनें कांहीं वर्षें गोव्यांत काढलीं होतीं. परंतु चटका लावणारें थडगें आहे तें राजा सेबास्तियन याचें. संगमरवरी हत्तींनीं तें पाठीवर तोलून धरलें आहे. आणि त्यावरच्या लॅटिन लेखांत, लोकवार्ता खरी असेल तर राजा येथें निजला आहे, अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. राजाच्या थडग्यावर असा ‘जर-तर’ कां यावा?

सेबास्तियनचा जन्म १५५४ सालीं झाला. त्याचे वडील, युवराज, त्याच्या जन्मापूर्वीं थोडेच दिवस आधीं वारले होते. गादीला वारस हवा म्हणून सारा देश देवाला आळवीत होता. म्हणून त्याला ‘नवसाचा राजा’ अशा अर्थाचें नांव पडलें. तीन वर्षांचा असतांना तो गादीवर आला. मोठा झाल्यावर धर्मयुद्धाच्या कल्पनेनें तो झपाटला. मोरोक्कोच्या गादीचा तंटा चालू होता. पदच्युत सुलतानानें मदत मागतांच या अविवाहित तरुण राजानें वडीलधाऱ्यांचा सल्ला झुगारून समुद्र ओलांडला. १५७८ सालच्या ४ ऑगस्ट रोजीं, भर उन्हांत, अल्कासर किबीर येथें लढाई झाली. तींत सेबास्तियन पडला, त्यानें ज्याचा कैवार घेतला तो सुलतान नदींत बुडाला, आणि आजारी असलेला विजयी सुलतानहि त्याच दिवशीं मरण पावला. पोर्तुगीज सरदार घराण्यांतले कित्येक कर्ते पुरुष मारले गेले किंवा कैद झाले. त्यांच्या सुटकेच्या खंडणीनें देश कंगाल झाला. गादी वृद्ध चुलतआजोबा कार्डिनल हेन्रिक यांच्याकडे आली. १५८० सालीं तेहि निपुत्रिक वारले, आणि स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालचा धनी झाला. त्यानें १५८२ सालीं सेबास्तियनचें म्हणून एक प्रेत आणवून बेलेंच्या मठांत पुरविलें. परंतु लोकांचा विश्वास बसला नाहीं. राजा मेला नाहीं, तो लपला आहे. एके दिवशीं सकाळीं धुक्यांतून तो परत येईल, अशी आख्यायिका घरोघर पसरली. बांदारा नांवाच्या एका चांभारानें पूर्वींच ‘गुप्त राजा’विषयीं कवनें रचलीं होतीं; लोकांनीं त्यांचा संबंध सेबास्तियनशीं जोडला.

मग तोतये निघाले. एकामागून एक असे चार इसम राजा म्हणून पुढें आले. त्यांतला एक स्पेनमधील माद्रिगाल गांवचा हलवाई होता. १५९५ सालीं त्याला फांशीं दिलें. मराठी वाचकाला येथें पानिपताची आठवण होणें अपरिहार्य आहे. १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ रणांत दिसेनासे झाले. पार्वतीबाईंनीं कुंकू पुसलें नाहीं. आणि १७७६ सालीं भाऊंच्या तोतयानें कोंकणांत बंड माजविलें. जेथें पराभव मोठा आणि नाहींसा झालेला माणूस लाडका, तेथें मरणाची वार्ता मन स्वीकारीत नाहीं, हें दोन्हीं देशांत सारखेंच.

ही वाट पाहण्याची संवय पोर्तुगीजांच्या ताटांतहि उतरली आहे. ज्या माशाला ते जीव कीं प्राण मानतात तो ‘बाकाल्याव’, म्हणजे खारवून वाळविलेला कॉड, त्यांच्या स्वतःच्या समुद्रांत मिळतच नाहीं. त्यासाठीं त्यांचे कोळी शतकानुशतकें न्यूफाउंडलंडपर्यंत जात. विसाव्या शतकांतहि हा ताफा बेलेंच्याच किनाऱ्यावर धर्मगुरूंचा आशीर्वाद घेऊन वसंतांत निघे आणि शरदांत परते. तेथें दाट धुक्यांत एकेक माणूस एकट्यानें लहान होडींत बसून गळ टाकी. कोणी परत जहाजाशीं येई, कोणी येत नसे. नाताळच्या आदल्या रात्रीं बहुतेक घरीं हाच मासा दिवसभर पाण्यांत भिजवून, बटाटे व कोबीबरोबर उकडून, वर ऑलिव्हचें तेल घालून वाढतात. कांहीं भागांत जेवण झाल्यावर टेबल आवरीत नाहींत. घरांतलीं गेलेलीं माणसें रात्रीं येऊन जेवतील, अशी समजूत आहे.

गोड पदार्थांचें मूळ मठांत आहे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा उपयोग कपड्यांना खळ देण्यासाठीं व दारू निवळण्यासाठीं होई. उरलेल्या पिवळ्या बलकांत साखर घालून मिठाया केल्या जात. १८३४ सालीं सरकारनें मठ बंद केले. पुढें १८३७ पासून बेलेंच्या मठाची खुसखुशीत पारी व मऊ सारण असलेली वडी शेजारच्या दुकानांत विकूं लागले. तें दुकान आजहि चालू आहे.

सेबास्तियनची आशा समुद्रापलीकडेहि पोंचली. ब्राझीलमधील कानुदोस येथें १८९७ सालीं सरकारी फौजेशीं झुंजून मेलेल्या गरीब लोकांतहि या राजाच्या पुनरागमनाचीं भाकितें होतीं. मायदेशीं मात्र निराळेंच घडलें. साठ वर्षें स्पेनची सत्ता सोसल्यावर १६४० सालच्या १ डिसेंबर रोजीं सुमारें चाळीस सरदार लिस्बनच्या राजवाड्यांत घुसले व ब्रागांझाच्या ड्यूकला त्यांनीं राजा म्हणून जाहीर केलें. त्या सकाळीं धुक्यांतून कोणी आलें नाहीं. आम्ही कोणी निराळे आहोंत, ही जाणीव परदास्यांत जागी ठेवण्याचें काम आख्यायिकेनें केलें. दास्याची बेडी तोडण्याचें काम मात्र वाट पाहणें सोडून दिलेल्या माणसांना करावें लागलें. बेलेंच्या थडग्यावरचा तो ‘जर-तर’ वाचतांना प्रवाशानें या दोन्हीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.