‘वायदा’ : हळदीच्या पेठेतील एक संज्ञा आणि जावास्क्रिप्ट

संगणकशास्त्राच्या परिभाषेत एकाच कल्पनेस दोन नावे पडली, ही गोष्ट भाषाभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही. जे मूल्य अद्याप हाती आले नाही, परंतु पुढे येणार आहे, त्याच्या जागी ठेवावयाच्या वस्तूस फ्रीडमन व वाइज यांनी १९७६ मध्ये ‘प्रॉमिस’ म्हटले. पुढच्याच वर्षी बेकर व ह्युइट यांनी ‘फ्यूचर’. एका नावात दिलेला शब्द आहे, दुसऱ्यात येणारा काळ. मराठीत हे दोन्ही अर्थ अरबीतून आलेल्या ‘वायदा’ या एकाच शब्दात नांदतात. सातारा-सांगलीच्या राजापुरी हळदीचे वायदे सांगलीच्या पेठेत होत, तेव्हा हरिपूरच्या पेवांत माल जमिनीखाली स्वस्थ असे आणि पेठेत पुढल्या मुदतीचे सौदे चालत. ‘वचन’ हा प्रतिशब्द मला पटत नाही. तो व्याकरणाने आधीच अडवून ठेवला आहे!

१९९५ मध्ये जन्मलेली जावास्क्रिप्ट मुळात एका वेळी एकच काम हाती घेणारी. दुरून यावयाच्या उत्तरासाठी खोळंबणे तिला परवडत नाही. म्हणून प्रारंभी ‘उत्तर आले की हे करावे’ अशा सूचना एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, अशा रचाव्या लागत. २०१५ च्या प्रमाणित आवृत्तीत प्रॉमिसचा समावेश झाला. तो प्रलंबित असतो, पुरा होतो किंवा मोडतो. निकाल एकदा लागला की फिरत नाही.

२०१७ मध्ये आलेल्या ‘अवेट’ने लेखन सुबोध केले, पण एक खोडही लावली. सांगली, निजामाबाद आणि इरोड येथील हळदीचे भाव मागवावयाचे आहेत व प्रत्येक उत्तरास तीन सेकंद लागतात, असे समजू. विद्यार्थी एकामागून एक वाट पाहतो. नऊ सेकंद जातात. तिन्ही मागण्या आधी धाडून ‘प्रॉमिस.ऑल’ने एकत्र वाट पाहिल्यास सुमारे तीनच. मात्र त्यांतील एक मोडताच ‘ऑल’ही मोडते. प्रत्येकाचा निकाल निरनिराळा हवा असल्यास २०२० चे ‘ऑलसेटल्ड’ योजावे.

मोडलेल्या वायद्याची दखल कोणी घ्यावयाची, हा खरा प्रश्न. लिस्कोव्ह व श्रीरा यांनी १९८८ मध्येच अपयश हे वायद्याच्या मूल्याबरोबर मागणाऱ्याच्या हाती पडावे, अशी योजना केली होती. पेठेत मोडलेला वायदा लपत नाही. जावास्क्रिप्टमध्ये तो बराच काळ निमूटपणे विरून जाई. २०२० मध्ये नोडच्या पंधराव्या आवृत्तीपासून, न हाताळलेला वायदा मोडला तर सारा कार्यक्रमच बंद पडू लागला.