पुळणीवरचा खेळ आणि लोकांचे घर

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गोल्फ खेळायला जाणाऱ्या प्रवाशांचा एक रिवाज आहे. दिवसभर समुद्राकाठच्या मैदानावर खेळायचे आणि संध्याकाळी गावातल्या एखाद्या जुन्या पबमध्ये जाऊन शेगडीपाशी बसायचे. 'पब' हे 'पब्लिक हाऊस' या नावाचे छोटे रूप. शब्दशः अर्थ काय, तर लोकांचे घर. तिथे बीअर आणि व्हिस्की मिळते हे खरे, आणि मी काही आज दारूचे गुणगान करायला आलेलो नाही. पण अशा घरात जेवण मिळते, पुष्कळ ठिकाणी मुक्कामाला खोली मिळते, आणि गावची खबरबात तर हमखास मिळते. गोल्फचा इतिहास लिहायचा तर या घरांना वगळून चालत नाही. तेव्हा आज आपण मनानेच या किनाऱ्यावरची पाच गावे फिरू आणि एक प्रश्न विचारू: जो खेळ सगळ्या गावाचा होता, तो थोड्यांचा कसा झाला?

आधी खेळ समजून घेऊ. आपल्याकडे पोरे गोट्या खेळताना जमिनीत छोटा खळगा करतात ना, तसाच खळगा. मात्र तो शेकडो पावलांवर. काठीने टोले मारीत चेंडू त्या खळग्यात घालायचा, आणि ज्याला कमी टोले लागतील तो जिंकला. यासाठी जागा कोणती? समुद्र आणि शेते यांच्यामधली वाळूची, आखूड गवताची पट्टी. तिला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. कोकणातल्या श्रोत्यांना पुळण सांगायला नको; त्या पुळणीच्या वर गवत माजलेले असावे, अशी ती जमीन. नांगराला निरुपयोगी, म्हणून कोणा एकाच्या मालकीचा आग्रह नाही. मेंढ्या चरायच्या, बायका धुणे वाळत घालायच्या, आणि त्यातच खेळ चालायचा. म्हणजे एका अर्थी गावचे गायरानच.

हा खेळ इतका बोकाळला होता की, 1457 साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फ आणि फुटबॉल बंद करण्याचा हुकूम काढला. कारण लढाईच्या उपयोगाची तिरंदाजी शिकायची सोडून लोक चेंडूमागे धावत होते. हुकूम पुन्हा 1471 आणि 1491 साली काढावा लागला. एकच हुकूम तीनतीनदा निघतो, याचा अर्थ लोकांनी तो किती मानला असेल, हे शिक्षक मंडळींना वेगळे सांगायला नको!

आपला पहिला मुक्काम लीथ. एडिंबरो शहराचे हे बंदर. इथल्या मैदानाची एक आख्यायिका सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचा राजा सातवा जेम्स, पैज लावून खेळला, तेव्हा जोडीदार म्हणून त्याने जॉन पॅटरसन नावाच्या एका जोडे शिवणाऱ्याला घेतले. पैज जिंकली आणि त्या कारागिराने आपल्या वाट्याच्या पैशातून घर बांधले. याच लीथमध्ये 1744 साली सरदार-वकील-डॉक्टर मंडळींनी 13 लेखी नियम केले. एडिंबरो शहराने बक्षीस म्हणून चांदीची काठी दिली आणि जॉन रॅट्रे नावाच्या शस्त्रवैद्याने ती जिंकली. या मंडळींना स्वतःची इमारत नव्हती. खेळ संपला की लकी क्लेफन नावाच्या बाईच्या खानावळीत जमायचे, जेवायचे, पैजांचा हिशेब करायचा. 1768 साली मात्र त्यांनी लीथला स्वतःचे गोल्फघर बांधायला घेतले. ही तारीख लक्षात ठेवा. आपण बसतो ते घर लोकांचे की आपले, हा फरक इथून सुरू झाला.

लीथहून किनाऱ्याने थोडे पूर्वेला गेले की मसलबरो लागते. हे कोळ्यांचे गाव. इथल्या गोल्फ क्लबाच्या 1810 सालच्या नोंदीत एक मोठी गोड गोष्ट आहे. येत्या नववर्षदिनी मासेविक्या बायकांचा सामना ठेवायचा आणि उत्तम खेळणारीला नवी पाटी नि शाल द्यायची, असा ठराव! आपल्या कोळणीसारख्याच या बायका, पाठीवर माशांची टोपली घेऊन मैलोन् मैल चालणाऱ्या.

याच मैदानाच्या कडेला मिसेस फॉर्मन यांचा पब होता. 1870 साली टॉम मॉरिस आणि विली पार्क या दोन नामांकित खेळाडूंचा पैजेचा सामना इथे झाला. पार्क गावचाच. बघ्यांनी इतका धुडगूस घातला की पंच रॉबर्ट चेंबर्स यांनी खेळ थांबवला आणि मॉरिससह ते थेट मिसेस फॉर्मन यांच्या घरात जाऊन बसले. बाहेर पार्क ताटकळला. शेवटी उरलेले खळगे त्याने एकट्यानेच खेळून टाकले आणि पैजेवर हक्क सांगितला. आपल्याकडच्या कुस्तीच्या फडाची आठवण येते की नाही?

आता देश ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर जाऊ. तिथे प्रेस्टविक गाव आहे. 1851 साली रेड लायन नावाच्या पथिकाश्रमात काही मंडळी जमली आणि त्यांनी प्रेस्टविकचा क्लब काढला. मैदान राखायला सेंट अँड्रूजहून टॉम मॉरिसला आणले. 1860 साली इथेच पहिली 'ओपन' स्पर्धा झाली. खेळाडू अवघे 8. खेळाच्या 12 खळग्यांच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात. विली पार्क 174 टोल्यांत जिंकला, मॉरिसला 176 लागले. बक्षीस लाल कातड्याचा पट्टा. हे खेळाडू म्हणजे चेंडू करणारे, काठ्या घडवणारे, दुसऱ्यांच्या काठ्या वाहून पोट भरणारे लोक.

आणि इथेच गोम आहे. एकोणिसाव्या शतकात ठिकठिकाणी क्लबांच्या दगडी इमारती उठल्या. ज्यांच्या कसबावर खेळ उभा होता, त्या धंदेवाईक खेळाडूंना त्या इमारतींत मज्जाव. ते गावच्या पबमध्येच राहिले.

प्रेस्टविकच्या शेजारीच ट्रून आहे. 1923 साली तिथे ओपन स्पर्धा झाली. वॉल्टर हेगन नावाचा अमेरिकन खेळाडू एका टोल्याने हरला. जिंकला इंग्लंडचा आर्थर हेव्हर्स. बक्षीस समारंभासाठी हेगनला क्लबघरात बोलावले. आठवडाभर ज्या दारातून आम्हा व्यावसायिकांना आत घेतले नाही, त्या दारातून तो आता आत जाईना. त्याने जमलेल्या लोकांना सरळ आपण उतरलो होतो त्या पबमध्ये यायचे आमंत्रण दिले. दारू तिथेही होती आणि क्लबातही होती. भांडण दारूचे नव्हतेच, ते दाराचे होते!

हे दार किती सावकाश उघडते, पहा. लीथच्या त्या जुन्या मंडळीचा क्लब 1891 पासून म्यूरफील्ड येथे आहे. स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव तिथे 2016 साली पुरेशा मतांअभावी फेटाळला गेला आणि 2017 साली मंजूर झाला. मासेविक्या बायकांच्या त्या ठरावानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी!

शेवटचा मुक्काम पुन्हा पूर्व किनाऱ्यावर, सेंट अँड्रूजला. इथल्या मंडळाची स्थापना 1754 ची. सुरुवातीची त्यांची रीत म्हणजे पंधरवड्यातून एकदा खेळायचे आणि बेली ग्लास यांच्याकडे माणशी एक शिलिंग देऊन एकत्र जेवायचे. 1854 साली त्यांचेही भव्य क्लबघर झाले. आज प्रवासी फोटो काढतात तो त्याचाच. पण सतराव्या खळग्याजवळ 'जिगर इन' नावाचा छोटा पब आहे. तो एके काळी रेल्वेच्या स्टेशनमास्तरचे घर होता. रेल्वे 1969 साली बंद झाली, घर राहिले.

मात्र सेंट अँड्रूजची खरी मिळकत जमीनच. 1552 च्या सनदेत आर्चबिशप हॅमिल्टन यांनी या मैदानावर खेळण्याचा आणि गुरे चारण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. 1797 साली नगरपालिका कर्जात बुडाली आणि मैदान विकले गेले. ते सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडले. सशांनी बिळे करून मैदानाची चाळण केली आणि कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षे चालल्या. 1821 साली जेम्स चीप या जमीनदाराने ते विकत घेऊन वाचवले, आणि 1894 साली पार्लमेंटच्या कायद्याने ते गावाकडे परत आले. म्हणून जगातले हे सर्वांत प्रसिद्ध मैदान आज कोणा क्लबाच्या मालकीचे नाही. रविवारी एरवी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांसह, कुत्र्यांसह त्या हिरवळीवर फिरतात.

श्रोते हो, क्लबाची इमारत पैशाने उभी राहते. गायरान, पार, चावडी या जागा पैशाने उभ्या राहत नाहीत. गावाने त्या राखाव्या लागतात. सेंट अँड्रूजच्या लोकांनी सनद विसरली असती, तर आज तिथे ससेच उरले असते.