घोडा मिळाला, स्वार हवा

बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडलं, असं आमच्याकडे सांगतात. सुरतेच्या वाटेवरचे स्वार इथे दमलेला घोडा सोडायचे आणि ताज्या घोड्यावर मांड टाकून पुढे निघायचे. खरंखोटं इतिहासकार जाणोत. पण स्वाराला दुसरा घोडा मिळणं जितकं सोपं, तितकं घोड्याला दुसरा स्वार मिळणं सोपं नाही. हे आमच्या पट्ट्याला कळलं ते घरोघरी कॉम्प्युटर आल्यावर. आणि शिकवलं कोणी? स्वस्तातल्या जुन्या ग्राफिक्स कार्डाने.

कार्ड हा घोडा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणं हे त्याचं काम. त्याला हाकणारा जो छोटा प्रोग्राम, तो ड्रायव्हर. याला बॅज नसतो, बिल्ला नसतो आणि चहापाणीही लागत नाही. पण तो नसेल तर कार्ड जागचं हलत नाही. अगदीच नाही असं नाही. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए नावाची पद्धत आणली: ६४० बाय ४८० ठिपके आणि १६ रंग. तेवढं बहुतेक कार्डांना ड्रायव्हरविनाही जमतं. म्हणजे ड्रायव्हर नसला की कितीही भारी कार्ड मुकाट्याने १९८७ सालात जाऊन बसतं.

त्याआधीचा, म्हणजे डॉसचा, काळ तर आणखी गमतीचा होता. तेव्हा प्रत्येक प्रोग्राम आपापले ड्रायव्हर बरोबर घेऊन यायचा. लग्नाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने आपापला आचारी आणावा, तसा प्रकार. विंडोजने सगळ्यांसाठी एकच स्वयंपाकघर काढलं आणि १९९५ साली तर जाहीर केलं, की कार्ड खोचा आणि कामाला लागा. लोकांनी त्याचा अर्थ लावला, की कार्ड खोचा आणि देवाला हात जोडा.

खरी अडचण नावाची. कार्ड विकणारी कंपनी एक, त्यावरची चिप बनवणारी दुसरी, आणि ड्रायव्हर चालतो चिपच्या नावाने. आमच्या भागाला हे नवीन वाटायचं कारण नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं, तरी पत्ता सांगताना लोक अजून ‘कॅम्प नंबर तीन’च म्हणतात. मुंबईत कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार भरतो तो रस्ता कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर माणूस तुम्हाला डॉक्टरांचा दवाखाना शोधून देईल. लॅमिंग्टन रोड म्हटलं की चटकन बोट दाखवेल.

आमच्या अंबरनाथच्या मामांनी २००१ च्या सुमारास तिथूनच चारशे रुपयांत एक जुनं कार्ड आणलं. खोक्यावर एक नाव, पाटीवर दुसरं, आणि चिपवर ॲल्युमिनियमची जाळी अशी चिकटवलेली, की खाली तिसरं नाव असलं तरी वाचायची सोय नाही.

“तू बी.कॉम. करतोयस ना?” मामा म्हणाले. “मग बघ जरा.”

वाणिज्य शाखेचा ग्राफिक्स कार्डाशी संबंध काय, हे मामांना विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पण संबंध निघाला! अशा प्रत्येक कार्डाच्या पोटात दोन आकडे असतात, एक कंपनीचा आणि एक चिपचा. थोडक्यात, शाखा क्रमांक आणि खाते क्रमांक. इंटेलने तर आपल्यासाठी ८०८६ हा आकडा घेतला. तिच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरचंच नाव ते. एनव्हिडिया १०डीई, एटीआय १००२. विंडोज कार्डाचं नाव विचारतच नाही. आकडा घेते आणि ड्रायव्हरच्या मस्टरवर तो आहे का पाहते. नसला तर पिवळं उद्गारचिन्ह!

जुने कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर ही यादी क्षणभर दाखवायचे. ‘पॉज’चं बटण दाबलं आणि ती थांबली: १०३९, ६३२६. तैवानच्या एसआयएस कंपनीची ६३२६ ही चिप. खोक्यावरची दोन्ही नावं खोटी, आकडा तेवढा खरा. मग कल्याणच्या सायबर कॅफेत तीन फ्लॉप्यांवर तोडून ड्रायव्हर उतरवला. तिसरी फ्लॉपी अंबरनाथ येईतो दगावली. दुसऱ्या खेपेला मामा म्हणाले, “कार्ड चारशेचं, आणि ड्रायव्हर आणायला गाडीभाडं किती रे झालं?”

पण मामा नशीबवान; त्यांच्या चिपची कंपनी निदान हयात होती. १९९६ साली व्हूडू कार्ड काढून थ्रीडीएफएक्सने खेळांची दुनिया हलवली, आणि २००० च्या डिसेंबरात एनव्हिडियाने तिची मालमत्ता विकत घेण्याचा करार केला. कार्डं घरोघरी धडधाकट, ड्रायव्हर लिहिणारं मात्र कोणी उरलं नाही. पुढे विंडोजच्या नव्या आवृत्तीसाठी हौशी मंडळींनीच रात्री जागून ते लिहिले, एक पैसा न घेता.

त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली आणि सुमारे एक लाख माणसं घरी गेली. लेजरं जागेवर राहिली. कोपऱ्यातल्या लाल शाईच्या खुणेचा अर्थ सांगणारे गेले. मी नोकरीला लागल्यावर तशी लेजरं पाहिली आहेत. ६४० बाय ४८० मध्ये वाचता येतात, त्यापलीकडे नाही.

आणि बारवी धरण? औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधलं, पुढे भिंतीची उंची वाढवली, स्वयंचलित दरवाजेही बसवले. पातळी गाठली की आपोआप उघडणारे, म्हणजे ड्रायव्हरचीही गरज नाही. तरी ते पूर्ण क्षमतेने भरायला २०१९ साल उजाडलं. भिंत तयार होती. बुडणाऱ्या गावांचं पुनर्वसन व्हायचं होतं. घर, नुकसानभरपाई, नोकरी हे ठरल्याशिवाय वाढीव पाणी अडवता येत नव्हतं. त्या गावांनी जागा दिली, म्हणून उल्हासनगरपासून मीरा-भाईंदरपर्यंत नळ वाहतात.

भिंत काय, लेजर काय, कार्ड काय, वस्तूची किंमत ठरवता येते, घासाघीसही करता येते. तिला चालतं करणाऱ्याची किंमत तो सापडेपर्यंत कळत नाही. मामांचा हिशेब तेवढा पक्का होता: कार्ड चारशे, गाडीभाडं वेगळं.