सीटखालची पिशवी

स्वस्तातला पान्यांचा सेट घ्यावा की नाही, हा प्रश्न आपल्या पणजोबांच्या पिढीला कधी पडला नसेल. सेट सायकलबरोबरच मिळायचा. नॉटिंगहॅमची रॅले असो, बर्मिंगहॅमची बीएसए असो की हर्क्युलस, चामडी सीटच्या मागे एक छोटी पिशवी लटकत असे. तिच्यात एक पाना, टायर उचकटायच्या दोन-तीन पट्ट्या आणि पंक्चरची चपटी डबी. पाना डंबेलच्या आकाराचा, दोन्ही टोकांच्या गोळ्यांत वेगवेगळ्या मापांच्या खाचा. हवेचा पंप फ्रेमच्या नळीला अडकवलेला.

लंडनच्या गुळगुळीत रस्त्यावर ती पिशवी बहुधा शोभेपुरतीच. तिची खरी परीक्षा व्हायची ती मुकुटबनसारख्या गावी.

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, झरी-जामणी तालुक्यात हे गाव. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, म्हणजे एकेकाळचा निजामाचा मुलूख. इंग्रजी दप्तरात १९०५ पर्यंत सगळा जिल्हाच शेजारच्या वणीच्या नावानं नोंदला जाई, इतकं या बाजूला वजन होतं. माजरी-आदिलाबाद रेल्वे मुकुटबनवरून जाते. पण रेल्वे स्टेशनापर्यंत. तिथून पुढे शेतं, वाड्या आणि कोलामांचे पोड. तिथं जायचं ते पांदणीनं. बैलबंडी नसेल तर पायी, आणि ऐपत असेल तर सायकलीनं.

या भागातल्या सायकलला दोन शत्रू. आठ महिने बाभळीचा काटा, चार महिने काळी माती. कापसाच्या रानातली ती चिकणमाती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. मग काडीनं कोरून माती काढायची, दहा पावलं जायचं, पुन्हा कोरायची. शेवटी सायकल खांद्यावर. चिखलावर जगात कुठलाही पाना चालत नाही. काट्यावर मात्र इलाज होता, आणि तो त्या चपट्या डबीत होता.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात पंचायतीला जे कर बसवता येतात, त्यांत सायकल आणि जनावरांनी ओढायची वाहनं एकाच कलमात आहेत. बंडी आणि सायकल एका पंगतीला बसवणाऱ्यानं खेडं नीट पाहिलेलं असणार.

स्वातंत्र्यानंतर विलायती सायकलींची आयात आवळली गेली आणि देशी कारखान्यांचे दिवस आले. मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये अॅटलस, आसनसोलला सेन-रॅले. मुंजाल बंधूंनी सायकलीच्या सुट्या भागांच्या धंद्यातून सुरुवात केली आणि १९५६ मध्ये लुधियानात हिरो सायकल्स काढली. तीस वर्षांत, १९८६ साली, तिची जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. या सगळ्यांची काळी सायकल मात्र इंग्रजी वळणाचीच राहिली. २८ इंची चाकं, सळईचे ब्रेक, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक, क्रँकला कॉटर पिन. वर्षानुवर्षं तोच साचा. त्यामुळे एका कंपनीचा भाग दुसरीला बसे आणि दोन-तीन पान्यांत अख्खी सायकल खोलता येई.

याच काळात सीटखालची पिशवी आटत गेली. चामड्याच्या जागी रेक्झिन आलं, घडीव पान्याच्या जागी पत्र्यातून कापून काढलेली, खाचा पाडलेली चपटी पट्टी. दोनदा जोर लावला की तिची खाच फाकते आणि नटाचे कोपरे घासून गोल होतात. गोल झालेला नट मग चांगल्या पान्यालाही दाद देत नाही. वाईट अवजार नुसतं निरुपयोगी नसतं, ते पुढच्या माणसाचं कामही वाढवून ठेवतं. पण फारशी कुणाची तक्रार नव्हती, कारण तोवर नाक्यानाक्यावर मिस्त्री बसला होता.

सायकल मिस्त्रीची गुंतवणूक ती किती? लाकडी पेटी, हातोडी, लोखंडाचा एक जाड तुकडा ऐरण म्हणून, पकड, पेचकस, कानस, निपल फिरवायची चावी, घमेलंभर पाणी आणि पायाचा पंप. झाडाखाली एवढ्यावर संसार चाले. त्यातच चार सायकली तासाच्या भाड्यानं लावल्या की धंद्याला बरकत. गिऱ्हाईक सायकल आणून उभी करी, ‘हवा कमी होते बघा’ म्हणे, आणि बाकावर टेकून बिडी पेटवी.

त्याच्या हाताचं कसब पाहायचं तर कॉटर पिन काढताना पाहावं. ही पिन क्रँक आणि एक्सल यांना एकत्र आवळून धरते. ती ढिली झाली की पायडल मारताना दर फेरीला टक टक वाजतं. नवशिका आधी नट पूर्ण काढतो, मग पिनीवर हातोडी घालतो, आणि पिनीचे आटे चेपून बसतात. मिस्त्री नट पिनीच्या टोकाशी समतल येईपर्यंतच सैल करतो. क्रँकखाली ऐरण टेकवतो आणि एकच, नेमका घाव घालतो. घाव नट झेलतो, आटे शाबूत राहतात. चाकाचा आऊट काढतानाही तेच. खडू रिमशी धरून चाक फिरवायचं, खडू जिथं लागेल तिथले निपल पाव-पाव फेरा फिरवायचे. हे कौशल्य कुठल्याही सेटच्या डबीत बसत नाही.

आता त्या झाडाखाली मोटारसायकलचं गॅरेज दिसण्याचीच शक्यता जास्त. मुकुटबनच्या चुनखडीवर बिर्ला कॉर्पोरेशनचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला, वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा. रस्त्यावर ट्रक आणि दुचाक्या. सायकलीचा मिस्त्री विरळ झाला आणि सेट घ्यावा का, हा प्रश्न पहिल्यांदाच खरा झाला.

ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळणारं ‘सोळा कामांचं’ अवजार हातात घेऊन पाहावं. त्यात पाच-सहा षटकोनी चाव्या असतात. गिअरच्या सायकलीला त्या उपयोगी, पण सळईच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीत तसला एकही बोल्ट नसतो. त्यातली ८, ९, १० ची डोकी ब्रेकच्या नटांना चालतील. चाकाच्या नटाला बहुधा १५ चा पाना लागतो. तो तर नसतोच, किंवा असतो तो पत्र्याइतका पातळ.

गंमत अशी की पंक्चरला चाक काढावंच लागत नाही. जुना मिस्त्री ते कधी काढत नसे. चेनकव्हर, स्टँड, कॅरिअर, सगळं जागच्या जागी ठेवून तो टायरची एक कड पट्टीनं उचले, ट्यूब बाजूनं ओढून घे, पाण्यात धरून बुडबुडा शोधी, कानशीनं जागा खरवडी, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत टायरच्या आतून बोट फिरवून काटा हुडकी. काटा राहिला तर पॅच कितीही चांगला असो, पुढच्या मैलावर पुन्हा तेच. म्हणजे सेटमधला जो भाग डबीवर मोठ्या अक्षरांत छापतात, त्याची वाटेत गरजच नाही. आणि पट्ट्या, पॅच, सोल्युशन, पंप ही फुटकळ सामग्रीच कामाची.

हिशेब असा पडतो. अशा डबीतल्या पट्ट्या आणि पॅच ठीक. पाने घेतल्यासारखे वाटले तरी न घेतल्यातच जमा. चिकटपट्टीसारखा बिनसोल्युशनचा पॅच विदर्भाच्या मे महिन्यात टिकेल याचा भरवसा नाही, आणि सोल्युशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते, म्हणून ती दर हंगामाला नवी घ्यावी. पाना सुटा घ्यावा, घडीव पोलादाचा, एकच. नाशिकला सातपूरमध्ये टपारिया टूल्सनं १९६९ पासून स्वीडिश तंत्रसाहाय्यानं हातअवजारं बनवायला घेतली, तेव्हापासून असा पाना तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळण्यासारखा आहे. एका सुट्या पान्याला अख्ख्या सेटइतके पैसे पडले तरी तो सौदा फायद्याचा, कारण तो नट गोल करत नाही.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकलीसाठी अनुदान मिळतं. २०२२ पासून ते ५००० रुपये आहे. यवतमाळ जिल्ह्यातले अनेक तालुके या कार्यक्रमात आहेत. अनुदान सायकलीचं, हवेचं नव्हे. प्रत्येक मुलीला सोळा कामांची डबी वाटण्यापेक्षा शाळेच्या व्हरांड्यात एक पायाचा पंप, दोन पट्ट्या, १५ चा एक घडीव पाना आणि पाण्याचं घमेलं ठेवलं, आणि नववीतल्या चार जणींना टायरची कड उचलायला शिकवलं, तर खर्च दोन-चार डब्यांच्या आसपासच येईल.