रंगूनमधले बादशहा, रत्नागिरीतला राजा

दिल्लीचे शेवटचे मुघल बादशहा बहादूरशहा जफर यांची कबर ब्रह्मदेशात, रंगूनला आहे. आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याची समाधी आपल्या रत्नागिरीत. दोघांनाही देशाबाहेर काढले ते इंग्रजांनीच. शिक्षा बादशहाला आणि राजाला झाली, भोगली मात्र मुलाबाळांनीसुद्धा. शाळेच्या पुस्तकात हा भाग येत नाही, म्हणून आम्ही इथे देत आहोत.

जफर यांचा जन्म १७७५ चा. १८३७ मध्ये ते तख्तावर बसले, तेव्हा बादशाही लाल किल्ल्याच्या आतच उरली होती. बादशहा म्हणजे कंपनीचे पेन्शनर! मे १८५७ मध्ये मेरठहून आलेल्या शिपायांनी त्यांना पुढे केले, तेव्हा वय ८१. सप्टेंबरात दिल्ली पडली. हुमायूनच्या मकबऱ्यात त्यांना कैद केले गेले. २२ सप्टेंबरला मिर्झा मुघल आणि मिर्झा खिज्र सुलतान हे दोन मुलगे व नातू अबू बकर यांना हडसन या इंग्रज अधिकाऱ्याने गोळ्या घातल्या. ती जागा म्हणजे आजचा खूनी दरवाजा.

लाल किल्ल्यातच खटला चालला. ऑक्टोबर १८५८ मध्ये बादशहांना दिल्लीतून हलवले. सोबत बेगम झीनत महल आणि मुलगे जवान बख्त व शाह अब्बास. दुसऱ्या एक बेगम, ताज महल, अलाहाबादहून मागे फिरल्या. त्यांना दोष कोण देणार?

७ नोव्हेंबर १८६२ रोजी रंगूनला बादशहांचा इंतकाल झाला आणि त्याच दिवशी दफनही उरकले. कबरीवरची जमीन सपाट केली, भोवती बांबूचे कुंपण घातले. कुंपण कुजेल, गवत माजेल आणि जागा कुणाला सापडणार नाही, असा सरळ हिशेब होता. जिवंत, थकलेल्या बादशहापेक्षा त्यांच्या कबरीचीच सरकारला जास्त भीती होती, असे आम्हाला वाटते. हिशेब जमलाही. लोकांनी मागणी लावून धरल्यावर १९०७ मध्ये दगड बसवला, त्यावर ‘या जागेजवळ’ दफन केले एवढेच लिहिता आले. खरी कबर सापडली १९९१ मध्ये, खोदकाम करताना, जमिनीखाली काही फुटांवर.

जवान बख्तला तख्त मिळावे म्हणून झीनत महल यांनी आयुष्यभर खटपट केली. तो १८८४ मध्ये परक्या मुलुखातच वारला. त्या स्वतः जुलै १८८६ मध्ये रंगूनला गेल्या.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये थिबा रत्नागिरीला पोहोचला होता. मंडालेचे त्याचे राज्य इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये घेतले. रत्नागिरीत त्याने तीस वर्षे काढली. आज आपण पाहतो तो थिबा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला, म्हणजे तो त्याच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षे आला. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. राणी सुपायालत १९१९ मध्ये मायदेशी परतली, पण तिला मंडालेला जाऊ दिले नाही, रंगूनलाच ठेवले.

थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीलाच राहिली. तिची मुलगी टूटू इथेच लहानाची मोठी झाली, गरिबीत संसार केला आणि बोलायची ती मराठी.