तळटीप : भिलाई, १९९१ आणि १९९२

लेखकाने इथे नाव दिलेले नाही, पण रोख शंकर गुहा नियोगी यांच्या खुनाकडे आहे. दल्ली-राजहरा इथल्या लोहखाणीतल्या कंत्राटी मजुरांचे हे नेते. १९७७च्या पोलीस गोळीबारात मेलेल्या साथीदारांच्या स्मरणार्थ याच मजुरांनी १९८३मध्ये शहीद रुग्णालय उभे केले. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे भिलाईत नियोगी झोपेत असताना मारेकऱ्याने खिडकीतून गोळ्या झाडल्या. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या पलटन मल्लाहला जन्मठेप दिली; सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेले उद्योगपती निर्दोष ठरले.

क्रौर्य म्हणजे एखाद्याच्या मनातली विकृती, हे लेखकाचे म्हणणे मात्र मला अपुरे वाटते. खुनानंतर वर्षही उलटले नव्हते. कामावरून काढलेल्यांना परत घ्या, अशा मागण्यांसाठी १ जुलै १९९२ रोजी कामगार बायका-मुलांसह भिलाई पॉवर हाउस स्थानकात रुळांवर बसले होते. पोलिसांनी गोळीबार केला, पंधराहून अधिक माणसे मेली. त्यासाठी कुणाला कुणाचा द्वेष करावा लागला नाही; हुकूम पुरला. मूळ प्रकरणात या दिवसाचा उल्लेखच नाही, म्हणून ही टीप.