मणक्याचा क्षयरोग

मणक्याचा क्षयरोग हा मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जिवाणूमुळे पाठीच्या कण्यातील मणक्यांना होणारा आजार आहे. इंग्लंडमधील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये पाठीचे कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध वर्णन केला. त्यावरून यास ‘पॉटचा रोग’ असेही म्हणतात. हाडांच्या व सांध्यांच्या क्षयरोगापैकी सुमारे निम्मे रुग्ण मणक्याच्या क्षयाचे असतात.

जंतू बहुधा प्रथम फुप्फुसात शिरतात व तेथून रक्तावाटे मणक्यात पोहोचतात. त्यामुळे खोकला मुळीच नसतानाही हा आजार असू शकतो. फुप्फुसे निरोगी असतील तर अशा रुग्णापासून श्वासावाटे इतरांना लागण होत नाही; त्याचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याची रीत निराधार आहे.

लक्षणे व निदान

पाठदुखी हे पहिले लक्षण आणि तेच सर्वांत फसवे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत पूर्वेकडे कांदा, ऊस व भाजीपाला, तर पश्चिमेकडील डोंगराळ आदिवासी पट्ट्यात भातशेती होते. वाकून केलेले काम व डोक्यावरची ओझी दोन्हीकडे नित्याची असल्याने पाठीचे दुखणे ‘लचक भरली’ म्हणून शेकण्या-चोळण्यावर निभावून नेले जाणे स्वाभाविक आहे. मात्र साधी लचक विश्रांतीने ओसरते. क्षयाचे दुखणे आठवडेच्या आठवडे वाढत जाते, रात्री झोप मोडते आणि ठरावीक मणक्यावर दाबताच कळ येते. बारीक ताप, घाम, वजन घटणे ही लक्षणे असतीलच असे नाही. लहान मूल जमिनीवरची वस्तू कमरेत न वाकता गुडघे मोडून उचलू लागले, तर त्याची तपासणी करून घ्यावी.

क्ष-किरण चित्रात बदल दिसेपर्यंत हाडाची बरीच झीज झालेली असते. एमआरआय तपासणीत रोग त्याआधीच दिसतो. तरीही केवळ चित्रावर विसंबणे योग्य नव्हे. जनावरांच्या सहवासातून किंवा कच्च्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिस, पू निर्माण करणारे अन्य जंतू आणि कर्करोग हेही मणक्यात असेच बदल घडवतात. म्हणून शक्य तेथे सुईने नमुना काढून सीबीनॅट, जंतुसंवर्धन व ऊतिपरीक्षा करतात. सीबीनॅटमुळे रिफाम्पिसिनला जंतू दाद देतात की नाही, हेही सुमारे दोन तासांत कळते. हाडात जंतू थोडे असल्यामुळे या चाचण्यांतून जंतू न आढळल्यास रोग नाहीच, असे ठरत नाही.

मंचरचे उपजिल्हा रुग्णालय व घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव येथील ग्रामीण रुग्णालये ही या परिसरातील सरकारी उपचारांची ठिकाणे आहेत. कण्यावरील अवघड शस्त्रक्रियेसाठी पुण्यातील ससूनसारखे मोठे रुग्णालय गाठावे लागते. सह्याद्रीच्या माथ्यावरील आहुपेसारख्या गावातून पुण्याला जाणे म्हणजे रोजगार बुडणे. दुखणे अंगावर काढण्याचे हेही एक कारण ठरते.

गुंतागुंत

मणका खचल्याने कुबड येते. मणक्यातील पू स्नायूंच्या कडेने उतरून जांघेत गाठीच्या रूपाने दिसतो. सर्वांत गंभीर म्हणजे मज्जारज्जूवर येणारा दाब. चालताना अडखळणे, पायातील चप्पल नकळत निसटणे ही त्याची आरंभीची खूण. पुढे दोन्ही पाय लुळे पडतात व लघवी-शौचावरचा ताबा जातो. अशा वेळी एक दिवसाचाही विलंब करू नये.

उपचार

बहुसंख्य रुग्ण औषधांनीच बरे होतात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे दोन महिने, त्यानंतर पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे दहा महिने दिली जातात. गरजेनुसार हा काळ अठरा महिन्यांपर्यंत वाढतो. औषधे सरकारी यंत्रणेमार्फत मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेचे मासिक साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाले आहे.

दोन-तीन महिन्यांत दुखणे थांबते आणि गोळ्या सुटण्याचा धोका तेथेच असतो. अर्धवट उपचाराने रोग उलटतो व औषधांना दाद न देणारा होऊ शकतो. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होणे निरुपद्रवी आहे. कावीळ किंवा दृष्टी मंदावणे मात्र तत्काळ डॉक्टरांना सांगावे.

वाराणसीचे अस्थिशल्यविशारद सु. म. तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यम मार्ग’ मांडला: सर्वांना औषधे आणि निवडक रुग्णांनाच शस्त्रक्रिया. वाढता लुळेपणा, अस्थिर कणा, मोठे गळू किंवा औषधांचा गुण न येणे ही शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे होत. वेळीच उपचार झाल्यास लुळे पडलेले पायही बहुधा पुन्हा चालू लागतात. अभिनेते अमिताभ बच्चन यांनी २००० साली आपल्याला हा आजार झाला होता व उपचारांनी तो बरा झाला, असे जाहीरपणे सांगितले आहे. लहान मुलांत रोग बरा झाल्यावरही कुबड वाढू शकते. त्यामुळे उंची वाढणे थांबेपर्यंत त्यांची नियमित तपासणी आवश्यक असते.